जड लॅपटॉपची पारख

मोबाइल वर्कस्टेशन, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या जड कामासाठी बनवलेला ताकदवान लॅपटॉप. या वर्गातील लॅपटॉपची चर्चा बहुधा त्याच्या आकड्यांभोवती फिरते: प्रोसेसरमध्ये किती कोर (एकाच वेळी काम करणारे स्वतंत्र भाग), किती रॅम, ग्राफिक्स कार्ड कोणते. असे एक सोळा इंची यंत्र मी बऱ्याच काळापासून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात आणि नवी मुंबईतील कारखान्यांमध्ये वापरत आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ते घ्यावे की नाही हा निर्णय दोन प्रश्नांवर ठरतो. तुमच्या खोलीच्या तापमानात ते दुसऱ्या तासाला कोणत्या वेगाने चालते, हा पहिला; आणि एवढी ताकद सोबत घेऊन फिरण्यावाचून तुमचे काम खरोखर अडते का, हा दुसरा. यंत्राच्या कंपनीचे नाव येथे लिहिलेले नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या वर्गातील बहुतेक सर्व यंत्रांना कमीअधिक प्रमाणात लागू पडते.

आमचे काम जुन्या कारखान्यांच्या नव्या आराखड्यांचे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायनांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे वाढत गेलेले पाइपांचे जाळे मूळ नकाशांशी सहसा जुळत नाही. म्हणून लेझर स्कॅनरने जागेचे मोजमाप करायचे, त्यातून मिळालेला पॉइंट क्लाउड (जागेचा आकार दाखवणाऱ्या असंख्य बिंदूंचा संच) ऑटोडेस्क कंपनीच्या रीकॅप या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा, त्याच्या आधारे त्यांच्याच रेव्हिटमध्ये त्रिमितीय मॉडेल उभे करायचे आणि नवी पाइपलाइन जुन्या पाइपांना किंवा तुळयांना कुठे आडवी येते ते नेव्हिसवर्क्समध्ये तपासायचे, असा कामाचा क्रम असतो. यंत्राकडून यातील प्रत्येक टप्पा वेगळे काही मागतो. स्कॅन जुळवताना सगळे कोर, भरपूर रॅम आणि वेगवान एसएसडी कामी येते. रेव्हिटमधील बरीचशी कामे मात्र एकाच कोरवर चालतात. तिथे चोवीस कोरांपेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा ठरतो, आणि ऑटोडेस्कची स्वतःची शिफारसही शक्य तितक्या अधिक वेगाच्या प्रोसेसरचीच असते. पॉइंट क्लाउड पडद्यावर फिरवू लागलो की भार ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या मेमरीवर येतो. आपल्या कामाची अशी फोड केल्याशिवाय दुकानात जाऊन ‘सगळ्यात मोठे कोणते’ असे विचारण्यात अर्थ नाही.

आता उष्णता. या वर्गाची खरी परीक्षा तिथेच आहे आणि आपल्याकडे ती अधिक कठीण होते. इंटेलच्या कोअर आय९-१३९५०एचएक्स या २४ कोरांच्या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. त्याची मूळ शक्तिमर्यादा ५५ वॉट आहे आणि टर्बोची, म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगाची, कमाल मर्यादा १५७ वॉट. या दोन आकड्यांमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक आहे, आणि यंत्र त्या दोहोंच्या मध्ये नेमके कुठे स्थिरावते हे चिपवर नव्हे, तर भोवतालच्या पंख्यांवर, तांब्याच्या नळ्यांवर आणि खोलीतील हवेवर अवलंबून असते. पहिल्या मिनिटात वेग खूप वर जातो, कारण सगळे धातू अजून थंड असतात. मग तो उतरतो आणि एका पातळीवर टिकतो. जाहिरातीत आणि घाईघाईने केलेल्या चाचण्यांत दिसतो तो पहिला मिनिट. स्कॅन जुळवण्याचे काम मात्र तासन्‌तास चालते.

परदेशी परीक्षणे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तिथल्या खोलीचे तापमान वीस-बावीस अंश असते. ठाण्यात मे महिन्यात वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत पारा सहज तेहेतीसच्या वर जातो. लॅपटॉपचे पंखे चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली दहा अंशांनी गरम असेल, तर तेवढाच भार वाहणारी चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापते. चिपची वरची मर्यादा मात्र शंभर अंशांच्या आसपास ठरलेली असते, आणि म्हणून ते दहा अंश शेवटी वेगातून वजा होतात. त्यामुळे परीक्षणातील गुण आपल्याला जसेच्या तसे मिळतील असे समजू नये. प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांच्या सलग चाचणीची सोय आहे. ती एकदा एसी चालू ठेवून आणि एकदा भर दुपारी एसी बंद ठेवून चालवली, तर यंत्राचा स्वभाव पुरेसा कळतो. त्याहून चांगली चाचणी म्हणजे आपलीच एक मोठी फाइल.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी राबू लागले की चित्र पुन्हा बदलते. बहुतेक यंत्रांत या दोघांची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या सामायिक असतात आणि वीजही एकाच अडॅप्टरमधून येते. अडॅप्टर २३० वॉटचा असेल, प्रोसेसर १५७ वॉट मागत असेल आणि ग्राफिक्स कार्ड शंभराहून अधिक, तर बेरीज जमत नाही. एकाच नळाखाली दोन बादल्या लावल्यासारखी ही स्थिती असते. कोणत्या बादलीत किती पाणी पडावे हे यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे त्यात कायमचे बसवलेले नियंत्रक सॉफ्टवेअर, ठरवते. माझ्या यंत्रात अशा वेळी प्रोसेसरला मागे ठेवले जाते. रेंडरसाठी, म्हणजे मॉडेलचे वास्तवासारखे चित्र तयार करण्यासाठी, ते योग्यच आहे, पण स्कॅन जुळवणे चालू असताना बाजूला मॉडेल फिरवत बसणे परवडत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या नावांविषयी मात्र माझी तक्रार आहे, आणि ती संपूर्ण उद्योगाबद्दल आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५००० एडा हे कार्ड डेस्कटॉपसाठीही आहे आणि लॅपटॉपसाठीही. डेस्कटॉपवरील कार्डात ३२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपवरील कार्डात १६ जीबी. इतकेच नव्हे, तर लॅपटॉपमधील कार्डाला ८० ते १७५ वॉट यांच्या दरम्यान कितीही वीज देण्याची मुभा यंत्र बनवणाऱ्याला असते, म्हणजे एकाच नावाचे कार्ड असलेल्या दोन लॅपटॉपांचा वेग अगदी वेगळा असू शकतो. हा आकडा माहितीपत्रकात बहुधा नसतो. विक्रेत्याकडे यंत्र चालू करून एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा टाइप केली की बहुतेक वेळा कार्डाची शक्तिमर्यादा पडद्यावर दिसते. दुकानदार थोडा चकित होतो, पण अडवत नाही.

‘मग चांगला गेमिंग लॅपटॉप का नको?’ असे मला अनेकदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. चिप जवळजवळ त्याच असतात आणि किंमत बरीच कमी. वर्कस्टेशनमध्ये जास्तीचे मिळते ते म्हणजे ग्राफिक्स कार्डाची अधिक मेमरी, व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी प्रमाणित केलेले ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), काही यंत्रांत चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी रॅम, आणि कार्यालयात येऊन दुरुस्ती करून देणारी सेवा. यातील प्रमाणपत्राचे महत्त्व मला थोडे फुगवलेले वाटते. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलताना ‘तुमचे कार्ड आमच्या यादीत नाही’ हे उत्तर टळते, एवढाच त्याचा रोजचा उपयोग. कार्डाच्या मेमरीचे मात्र तसे नाही. पॉइंट क्लाउडमधील बिंदू तिच्यात मावले नाहीत की दृश्य अडखळते, आणि कोणताही ड्रायव्हर ते सुधारू शकत नाही.

रॅमसाठी या वर्गातील मोठ्या यंत्रांत चार स्लॉट असतात आणि १२८ जीबीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाता येते. दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. चारही स्लॉट भरले की डीडीआर५ रॅमचा वेग सहसा खाली येतो. आणि काही यंत्रांत दोन स्लॉट मागच्या झाकणाखाली, तर उरलेले दोन कीबोर्डच्या खाली असतात, तिथे पोचायला कीबोर्ड काढावा लागतो. म्हणून पुढे रॅम वाढवण्याचा विचार असेल, तर कारखान्यातून येताना कोणते दोन स्लॉट भरलेले असतील हे आधीच विचारलेले बरे.

वजनाचा मुद्दा माहितीपत्रकात सौम्य दिसतो. यंत्र तीन किलोंच्या आसपास असते. विटेएवढा अडॅप्टर, माऊस आणि बाहेरची एसएसडी धरली की बॅग चार किलोंच्या पुढे जाते. गर्दीच्या वेळी ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटावरून ट्रान्सहार्बर मार्गाची वाशी किंवा पनवेल लोकल पकडताना ही बॅग पुढे छातीशी धरावी लागते, आणि तुर्भ्याला उतरेपर्यंत खांद्याला तिची पुरेपूर जाणीव होते. दुपारच्या गाडीत काहीच अडचण नसते. बॅटरीवर फार विसंबू नये. विमानात पूर्वपरवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास असल्यामुळे या वर्गातील बॅटऱ्या ९३ ते ९५ वॉट-तासांच्या आसपास घुटमळतात. यंत्राने शंभर वॉट खेचले तर तासभरही निघणार नाही, हे साध्या भागाकाराने कळते. कागदपत्रे आणि ईमेलसाठी ती अर्थातच कितीतरी अधिक पुरते. टाइप-सी वर चार्ज होणारे यंत्र असेल, तर बैठकीच्या दिवशी १०० वॉटचा लहान चार्जर पुरतो. वेग कमी मिळतो, पण बॅग हलकी होते.

पडद्याविषयी थोडक्यात. ३८४० बाय २४०० चा पडदा सुंदर असतो, पण जुन्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरच्या खिडक्या त्यावर बारीक किंवा धूसर दिसतात, आणि आमचे मुख्य काम कार्यालयातील मोठ्या मॉनिटरवर होते. मी १९२० बाय १२०० चा पडदा घेतला. अंकांचा वेगळा कीपॅड असलेला कीबोर्ड थोडा डावीकडे सरकतो. त्याची सवय होते, आणि मोजमापे भरताना तो हवाच असतो.

आता दुसरा प्रश्न. याच पैशांत कार्यालयात अधिक ताकदीचा डेस्कटॉप आणि सोबत सव्वा किलोचा हलका लॅपटॉप येतो. बाहेरून इंटरनेटवरून त्या डेस्कटॉपशी रिमोट जोडणी करून काम करता येते. नौपाडा, पाचपाखाडीतील इमारतींच्या पुनर्विकासाची कामे करणाऱ्या आर्किटेक्ट मैत्रिणींना मी हाच सल्ला देते, कारण त्यांची फाइल कार्यालयाबाहेर उघडावी लागते ती फक्त दाखवण्यापुरती. घोडबंदर रोडवरील घरी बसून रेंडर करणाऱ्यालाही तीन किलोंचा लॅपटॉप कशाला हवा, हे मला कळत नाही. डेस्कटॉपला थंड राहायला जागा मिळते आणि तो उन्हाळ्यात कमी दमतो.

आमचे तसे नाही. अनेक कारखाने स्कॅनची माहिती आवाराबाहेर नेऊ देत नाहीत; ती तिथेच जुळवायची, तिथेच तपासायची, आणि मंजूर झालेले मॉडेल तेवढे घेऊन यायचे. ज्वलनशील बाष्पांची शक्यता असलेल्या भागात साधा लॅपटॉप उघडण्यास मनाई असते, म्हणून यंत्र नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात मांडले जाते, आणि जाड भिंतींच्या त्या खोलीत मोबाइलचे नेटवर्कही धड मिळत नाही. रिमोट जोडणी अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. स्कॅनमध्ये एखाद्या टाकीची मागची बाजू राहून गेली असेल, तर ते त्याच दुपारी कळावे लागते, कारण कारखाना बंद असण्याचे दिवस मोजके असतात आणि पुन्हा आत शिरण्याची परवानगी कधी मिळेल याचा नेम नसतो. त्या एका दुपारसाठी हे वजन मी वाहते.

किंमत सहज तीन लाखांच्या वर जाते. व्यवसाय नोंदणीकृत असेल तर १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते आणि संगणकावर ४० टक्के दराने घसारा लावता येतो. तरी रक्कम मोठीच राहते, आणि ती एसएसडी किंवा पडद्यावर उधळण्यापेक्षा सेवाकरारावर खर्च करावी असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी जागेवर येऊन दुरुस्ती करणारा तीन वर्षांचा करार घ्या, आणि त्यात खराब झालेली एसएसडी आपल्याकडेच ठेवण्याची तरतूद मागून घ्या. ती आपोआप मिळत नाही, तिचे वेगळे पैसे पडतात. पण ज्या ग्राहकाने माहिती आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही असे लिहून घेतले आहे, त्याच्या कामाची एसएसडी दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.