थ्री पासेस गाईडशिवाय: चो लाला कसले घाबरताय, काँगमा लाच्या पलीकडची हिमनदी बघा

सरळ मुद्द्यावर येतो. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या भागात थ्री पासेस, म्हणजे काँगमा ला, चो ला आणि रेन्जो ला या तीन खिंडींचा ट्रेक (ला म्हणजे खिंड), करायला निघालेला प्रत्येक जण चो ला चो ला करत असतो. चो लावर बर्फ किती आहे, मायक्रोस्पाइक्स (बर्फासाठी बुटांना लावायचे खिळे) लागतील का, चो ला बंद झाला तर काय. काँगमा लाबद्दल कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं, उंच आहे पण वाट सोपी, पलीकडे उतरलं की समोर लोबुचे, म्हणजे पुढचा मुक्काम. हे "समोर लोबुचे" मी व्हिडिओत ऐकलं, नामचेला ऐकलं, खिंडीच्या अलीकडच्या छुकुंगच्या डायनिंग हॉलमध्ये शेगडीजवळ बसून उलट्या बाजूने आलेल्या दोघांकडून पण ऐकलं. "उतरल्यावर अर्धा तास, मॅक्स."

लोबुचे समोर दिसतं हे खरंय. मधे अख्खं खुंबू ग्लेशियर आडवं पडलंय हे कोणी बोलत नाही.

आता नीट सांगतो, कारण तुमचा प्लॅन या एका दिवसावर ठरवा असं माझं म्हणणं आहे. छुकुंग ४,७३० मीटर, खिंड ५,५३५ मीटर, लोबुचे ४,९१०. या सगळ्या रस्त्यात एकही लॉज नाही, चहा नाही, सांगायला माणूस नाही, फोनला नेटवर्क धरून चालूच नका. चढ लांबलचक आहे पण वाट कळते, शेवटी दगडांतून थोडं हातपाय लावून चढायचं, वर छोटी तळी आणि मागे मकालू. इथवर सगळं मस्त. पलीकडचा उतार मोठमोठ्या सुट्या दगडांतून आहे, गुडघे बोलायला लागतात, पण तोही ठीक. उतरून खाली आलात की वाटतं झालं. आणि मग समोर मोरेनची, म्हणजे हिमनदीने कडेला ढकललेल्या दगड-मातीची, भिंत उभी राहते, म्हणजे ज्या उंचीवरून एवढं उतरलात त्यातली थोडी परत चढा, आणि ती चढून वर गेल्यावर खाली हिमनदी दिसते.

हिमनदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरं काहीतरी येतं. इथे पांढरं काही नाही. करडा राडारोडा आहे, मैलभर पसरलेला, खाली बर्फ आणि वर दगड-माती, मधेच हिरवट पाण्याची डबकी, मधेच बर्फाचे कडे ज्यांच्यावरून दुपारी दगड सुटून खाली पडत असतात आणि त्याचा आवाज येत राहतो. वाट म्हणून जे आहे ते म्हणजे लगोऱ्या, खुणेसाठी एकावर एक रचलेले दगड. आणि लगोऱ्या सगळीकडे आहेत, हाच तर लोचा आहे, कारण बर्फ सरकतो, वितळतो, मागच्या सीझनची वाट या सीझनला तळ्यात गेलेली असते पण तिच्या लगोऱ्या तशाच उभ्या असतात. मोबाईलवरचा डाउनलोड केलेला जीपीएस ट्रॅक आम्हाला सरळ पाण्यात घेऊन गेला. परत मागे, परत वर, परत खाली. अर्धा तास सांगितलेलं अंतर दोन तासांच्या वर गेलं आणि नंतर पलीकडची मोरेनची भिंत चढायची होती ती वेगळी, तेव्हा सूर्य डोंगरामागे गेलेला आणि पाण्याची बाटली गोठायला लागलेली. नळीची वाट उतरलेल्या माझ्या मित्राने तिथे खाली बसून अशा शिव्या दिल्या की मला पण बरं वाटलं.

मग अर्धा तास म्हणणारे खोटं बोलत होते का? नाही, आणि हे मला नंतर लोबुचेला गरम पाणी पिताना उमगलं. ते सगळे लोबुचेहून निघालेले. म्हणजे हिमनदी त्यांनी सकाळी सकाळी ओलांडली, ताज्या पायांनी, सगळं गोठून घट्ट असताना, आणि लोबुचेच्या बाजूने वाट कुठे सुरू होते हे लॉजवाल्याला विचारून. आपण तिथे पोचतो खिंड करून, आठ तास चाललेलो, दगड सैल झालेले, ढग आलेले. तीच जागा, पण फरक जमीन-अस्मानाचा. त्यामुळे कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारा, तुम्ही कुठून कुठे गेलात आणि किती वाजता.

छुकुंगहून पाचला निघा, हेडलॅम्प लावून. साडेपाचला निघू, नाश्ता करून निघू वगैरे काही नाही, नाश्ता बांधून घ्या. अकरापर्यंत खिंडीत नाही पोचलात तर मागे फिरा, छुकुंगला परत या, दुसऱ्या दिवशी खालून दिंगबोचे, थुकला करत लोबुचेला जा, तिथली वाट हायवे आहे. सकाळीच ढग असतील तरीही खालूनच. माणशी तीन लिटर पाणी. आदल्या संध्याकाळी छुकुंगमध्ये फिरून लोबुचेहून त्याच दिवशी आलेला कोणीतरी शोधा आणि त्याच्या मोबाईलमधला आजचा ट्रॅक घ्या, आठवड्याभरापूर्वीचा नको. आणि मोरेनच्या भिंतीवर चढलात की घाईने खाली उतरू नका, आधी समोरच्या भिंतीवर वाट कुठे चढलीय ती पट्टी शोधा, उजेड असेपर्यंत ती दिसते, तिचा अंदाज डोक्यात ठेवून मग उतरा. आत गेल्यावर काहीही दिसत नाही. एकट्याने हा दिवस करू नका. बाकी ट्रेक एकट्याने खुशाल करा, हा नको.

दिशा कोणती? सगळे सांगतात काँगमा ला आधी, रेन्जो ला शेवटी, कारण दिंगबोचे आणि छुकुंगला राहून, छुकुंग री या शिखरावर जाऊन शरीर तयार होतं. बरोबर आहे. पण मी परत गेलो तर उलटा जाईन, थामेकडून, म्हणजे रेन्जो ला आधी, लुंगदेनला एक जास्तीचा दिवस टाकून. पाय अजून दुखतायत म्हणून बोलत असेन कदाचित, पण ती हिमनदी दुपारी परत ओलांडणार नाही म्हणजे नाही.

उंचीबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही वाचून आला असणारच. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच. नामचे ३,४४० आणि दिंगबोचे ४,४१०, दोन्हीकडे दोन-दोन रात्री, यात काटछाट नको. साडेपाच हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, तुमच्या मॅरेथॉनच्या मेडलशी त्याला देणंघेणं नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरला विचारा, साधारण १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखतंय तोवर वर चढायचं नाही. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर फुकट बोलतात, दिंगबोचेच्या रेस्ट डेला टेकडी ओलांडून तिकडे जाऊन या. पेस्ट्री खात बसण्यापेक्षा बरं.

आता पैसे. वर गेल्यावर सगळं महाग होतं यात तक्रार नाही, सामान याक नाहीतर माणसाच्या पाठीवर येतं. खोली स्वस्त असते ती तुम्ही जेवण तिथेच कराल या बोलीवर, बाहेर खाल्लंत तर खोलीचं भाडं कितीतरी पट, हा रिवाज आहे, तो पाळा. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. वरच्या एका लॉजमध्ये आम्ही थकून शेवटी पोचलो, खोली आहे म्हणाले, रेट विचारला तर "सकाळी बघू दाई" (दाई म्हणजे दादा), आणि सकाळी बिलात चार्जिंग वेगळं, गरम पाणी वेगळं, जास्तीचं ब्लँकेट वेगळं, आणि शेगडीजवळ बसल्याचेही काहीतरी लावले होते, मी दोनदा वाचलं. भांडलो, थोडे कमी केले, पण मूड गेला तो गेलाच. त्यामुळे सॅक पाठीवरून उतरवायच्या आधी विचारा: खोली, चार्जिंग, थर्मासचं पाणी, ब्लँकेट. कितीही दमला असाल तरी. पाणी विकत घेऊच नका, क्लोरीनच्या गोळ्या न्या. पॉवरबँक मोठी न्या आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. कॅश नामचेलाच काढून ठेवा, त्याच्या वर एटीएम नाही. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६०, हा दर पक्का असतो, कोणी दीड म्हणाला तर हसून सोडून द्या.

इन्शुरन्सवाल्यांकडे एकच प्रश्न लेखी विचारा, किती मीटरपर्यंत. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी या ट्रेकच्या उंचीला कव्हरच करत नाहीत आणि हेलिकॉप्टरचं बिल डॉलरमध्ये हजारांत येतं. उलट बाजूही सांगतो, गरज नसताना हेलिकॉप्टर बोलवायला लावण्याचे प्रकार इतके वाढले होते की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. साधं डोकं दुखत असताना कोणी लगेच हेलिकॉप्टर म्हणायला लागला तर आधी चालत खाली उतरा.

ज्याची एवढी भीती घातलेली तो चो ला (५,४२०) आम्हाला व्यवस्थित गेला. झोंगलाहून पहाटे निघालात की बर्फ कडक असतो, मायक्रोस्पाइक्स लावून आरामात. पलीकडचा उतार मात्र सूर्य यायच्या आत उतरा, दगड पडतात. चो लाच्या अलीकडे झोंगला आणि पलीकडे थांगनाक, दोन्हीकडे लॉज मोजकेच, ऑक्टोबरमध्ये दुपारी लवकर पोचा नाहीतर डायनिंग हॉलमध्ये झोपा. थांगनाकहून गोक्योला जाताना परत एक हिमनदी, न्गोझुम्पा, नेपाळमधली सगळ्यात लांब. इथेही वाट बदलते, पण सकाळी ताजे असताना जाता म्हणून निभतं. नकोच वाटत असेल तर खाली ना गावाकडून वळसा घालून गोक्योला जाता येतं, वेळ जास्त लागतो पण डोक्याला ताप नाही.

बेस कॅम्प (५,३६४). गर्दी, फोटोसाठी रांग, आणि तिथून एव्हरेस्टचा माथा दिसतसुद्धा नाही. वेळ कमी असेल तर पहिलं हेच गाळा. काला पत्थर ठेवा, त्या टेकडीवरून एव्हरेस्ट दिसतं.

आणि रेन्जो ला! ५,३६० मीटर, गोक्योच्या तळ्याच्या कडेने सुरुवात, वरून तळं, हिमनदी, गोक्यो गाव, मागे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू एका ओळीत. मी तिथे तासभर बसलो, वारा तोंड फाडत होता तरी उठवेना. तिन्ही खिंडींतली एकच करायची झाली तर ही करा. बाकीच्यांचं नंतर बघू. उतारावर दगडी पायऱ्या आहेत, गुडघ्यांनी आशीर्वाद दिले. खाली थामे, जिथे १६ ऑगस्ट २०२४ ला वरची हिमतळी फुटून पूर आला आणि अर्धं गाव वाहून गेलं. तिथे मुक्काम करा, जेवा, दोन पैसे तिथे जाऊ द्या.

लुकला ते नामचे, म्हणजे ट्रेकची सुरुवात, सगळीकडे लिहिलेलं आहे, मी लिहीत नाही.

परमिट: सागरमाथा नॅशनल पार्कचं सार्क देशांसाठी १,५०० नेपाळी रुपये अधिक १३ टक्के व्हॅट, शिवाय खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेचं वेगळं. दोन्ही वाटेतच मिळतात, काठमांडूत एजंटला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून गाईड सक्तीचा असा टुरिझम बोर्डाचा नियम आहे पण खुंबूच्या पालिकेने तो मानला नाही, आम्हाला चेकपोस्टवर कोणी विचारलं नाही. निघायच्या आधी ताजी स्थिती बघून घ्या. विमानाने नेपाळला जाताना आधार चालत नाही (१५ च्या खाली आणि ६५ च्या वर असाल तरच), पासपोर्ट नाहीतर व्होटर आयडी. कोणी परदेशातला मित्र इनरीच वगैरे सॅटेलाइटवाला डिव्हाइस देत असेल तर घेऊ नका, भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि येता-जाता विमानतळावर अडकाल.

शेवटचा मुद्दा, लुकलाचं विमान. सीझनमध्ये बरीच फ्लाइट्स काठमांडूहून नाही, रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे मध्यरात्री एक-दोनला जीपमध्ये बसून चार-पाच तास घाट. तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा, "काठमांडू–लुकला" एवढंच लिहून विकणारे भेटतील. फ्लाइट उडतात ती सकाळी, ढग आले की बंद, आणि एक दिवस बंद राहिलं की दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची माणसं पण रांगेत. परतीला किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि काठमांडू–मुंबईचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.