मार्शल घराण्याची वंशावळ : कागद तिसरा

विल्यम मार्शल या बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लिश सरदाराच्या वंशावळीचा कागद आज तिसऱ्यांदा बोर्डवर चढवला. पहिले दोन कागद वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण त्या दोन्ही कागदांनी मला या घराण्याबद्दल जे शिकवलं ते नुसत्या वाचनातून कळलं नसतं. पण दोन्ही बाजूला ठेवावे लागले, आणि का ठेवावे लागले ते इथे सविस्तर लिहिते. वंशावळी हाताने काढणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

आधी माणूस. जन्म 1146-47 च्या सुमाराचा. राजाच्या घोडदळाची आणि दरबारी शिस्तीची जबाबदारी असलेल्या, म्हणजे 'मार्शल' हे वंशपरंपरागत पद असलेल्या जॉनचा हा चौथा मुलगा. चौथ्याच्या वाट्याला जमीन यायची शक्यता नव्हतीच. 1152 मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात बापाने याला राजा स्टीफनकडे ओलीस दिलं आणि नंतर शब्द मोडला. पोराला फाशी देऊ, अशी धमकी आली तेव्हा बापाचं उत्तर होतं की माझ्याकडे हातोडा आहे आणि ऐरणही आहे, याहून चांगले मुलगे घडवीन. पाच-सहा वर्षांचं ते पोर स्टीफनला मारवलं नाही. पुढे नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या घरी शिक्षण, मग टूर्नामेंटची, म्हणजे सरदारांच्या घोड्यांवरच्या खेळ-लढायांची वर्षं. एका जोडीदाराबरोबर दहा महिन्यांत 103 सरदार पकडून खंडणी मिळवल्याचा हिशेब त्याच्या काव्यचरित्रात आहे. त्यानंतर एकामागून एक राजांची चाकरी, आणि 1216 मध्ये राजा जॉन मेल्यावर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा कारभारी. सत्तरीच्या घरात असताना 1217 मध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर बसून उतरला. 14 मे 1219 रोजी कॅव्हरशमला वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती अजून आहे, 1941 च्या बॉम्बवर्षावात होरपळलेली.

या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्याचं घर काढायचं होतं.

पहिला कागद

फुल इंपिरियल, 22 बाय 30 इंच. आडवा धरला. आपल्याकडे वंशावळ जशी काढतात तशीच मांडणी केली: वर मूळपुरुष, त्याखाली मुलगे एका ओळीत, प्रत्येकाखाली त्याचा विस्तार. मुलींसाठी उजव्या कडेला तीन इंचांची पट्टी ठेवली. हे मी विचार करून केलं नव्हतं. सोळाव्या वर्षी आमच्या घराची वंशावळ काकांच्या वहीतून उतरवून घेतली होती, ती अशीच होती. त्या वहीत मुली नव्हत्या, आणि बायकांची ओळख 'अमक्याची कन्या' एवढीच होती. हाताला तेच वळण.

मुलग्यांची ओळ शाईने पूर्ण झाली. विल्यम दुसरा, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अन्सेल्म. पाचही जण बापामागून ओळीने वेल्समधल्या पेम्ब्रुकचे अर्ल, म्हणजे बडे जहागीरदार झाले. थोरला 1231 मध्ये गेला. रिचर्ड 1234 मध्ये आयर्लंडमधल्या कराघच्या माळावर जबर जखमी झाला आणि किलकेनीला मेला. गिल्बर्ट मुळात धर्मसेवेच्या वाटेवर होता, भाऊ गेल्यामुळे परत आला. 1241 मध्ये राजाने मनाई केलेल्या टूर्नामेंटमध्ये घोड्याचा लगाम तुटला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्याने त्याला फरफटत नेलं. वॉल्टर 1245 च्या नोव्हेंबरात गेला, आणि महिना भरायच्या आत अन्सेल्म. पाचही जणांची लग्नं झाली होती. थोरल्याची दुसरी बायको तर राजाची सख्खी बहीण, एलिनॉर. पाचांपैकी एकालाही औरस मूल नव्हतं.

म्हणजे ओळीखाली काहीच नाही. अर्धा कागद पांढरा राहिला, आणि उजव्या कडेच्या तीन इंचांत नावं एकमेकांवर चढायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तो कागद उतरवला.

इथे शापाचं सांगायला हवं, कारण तो चित्रात घ्यायचा का, यावर मी बरेच दिवस अडले होते. मॅथ्यू पॅरिस हा त्या काळचा बखरकार भिक्षू लिहितो की विल्यमने आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपच्या दोन जमिनी बळकावल्या होत्या. विल्यम गेल्यावर बिशपने त्याच्या मुलांकडे त्या परत मागितल्या, मुलांनी नकार दिला, आणि बिशपचा तळतळाट लागला की एका पिढीत तुमचं नाव पुसलं जाईल. आपण अशा वेळी पटकन 'निर्वंश' म्हणतो. मीही पहिल्या कागदाच्या मथळ्यावर पेन्सिलीने तोच शब्द लिहिला होता. मग उजव्या कडेची गर्दी पाहिली आणि तो खोडला. इतकी माणसं खाली उतरत असताना निर्वंश कसला? शाप मी कागदावर घेतलेला नाही.

दुसरा कागद

या वेळी उभा कागद आणि दहाही मुलांना सारखी चौकट. मुली: मॉड, इसाबेल, सिबिल, ईव्हा, जोन.

मॉडचं पहिलं लग्न नॉरफोकच्या ह्यू बिगॉडशी, दुसरं सरेच्या विल्यम डी वॉरेनशी. इसाबेल ग्लॉस्टरच्या गिल्बर्ट डी क्लेअरला दिली, आणि तो गेल्यावर राजाचा भाऊ कॉर्नवॉलचा रिचर्ड याच्याशी तिचं लग्न झालं. तिच्या पहिल्या घरची मुलगी ब्रूस घराण्यात गेली आणि तिचा नातू 1306 मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला. सिबिल डर्बीच्या फेरर्स घरात, सात मुली. ईव्हाचा नवरा विल्यम डी ब्रेओझ याला वेल्सचा सत्ताधीश ल्यूएलिन याने 1230 मध्ये फासावर चढवलं, कारण तो ल्यूएलिनच्या बायकोच्या दालनात सापडला. आणि तरीही ब्रेओझची मुलगी ल्यूएलिनच्याच मुलाला दिली गेली, आधी ठरल्याप्रमाणे. या एका चौकटीपाशी मी रेघ कशी ओढू म्हणून अख्खी संध्याकाळ बसले होते: फाशी देणारा आणि व्याही एकच. शेवटी ल्यूएलिनपासून एकच रेघ काढली, लग्नाची. मृत्यूचं साल नवऱ्याच्या चौकटीत आहेच.

मैत्रिणीने कागद पाहून विचारलं, "मुलं होत नव्हती तर दत्तक का नाही घेतलं?" आपल्याला हा प्रश्न पडणारच. उत्तर असं की तिकडच्या कायद्यात दत्तकाला जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाचा कायदा झाला तो थेट 1926 मध्ये. मुलगा असेल तर सगळं थोरल्याला. मुलगा नसेल तर मात्र सगळ्या मुलींना समान वाटे, थोरलीला जास्त नाही. आणि मुलगी हयात नसेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. 1247 मध्ये ही वाटणी झाली तेव्हा दहा भावंडांपैकी एकटी मॉड जिवंत होती.

घराण्याच्या आयर्लंडमधल्या मुलखाचे, लेन्स्टरचे, पाच तुकडे झाले. मॉडला कार्लो, इसाबेलच्या मुलाला किलकेनी, सिबिलच्या मुलींना किल्डेअर, ईव्हाच्या मुलींना डनमेझ, जोनच्या मुलीला वेक्सफर्ड. वेल्समधलं चेपस्टो मॉडकडे आणि पेम्ब्रुक जोनच्या मुलीकडे. सिबिलच्या पाचव्या हिश्शाचे पुन्हा सात भाग, म्हणजे एकेकीला मूळ दौलतीचा पस्तिसावा भाग. शिवाय तीन भावांच्या विधवा हयात होत्या आणि नवऱ्याच्या मालमत्तेतला विधवेचा हक्काचा भाग त्या मरेपर्यंत त्यांचा. थोरल्याच्या एलिनॉरने पुढे सायमन डी मॉन्टफर्टशी लग्न केलं. आयर्लंड आणि वेल्समधल्या तिच्या हक्काबद्दल वर्षाला 400 पौंड ठरले होते. ही रक्कम फार कमी ठरवली गेली, यावरून मॉन्टफर्ट राजाशी वर्षानुवर्षं भांडला. पुढच्या यादवीत धुमसणाऱ्या गोष्टींपैकी ही एक. वंशावळीत विधवांना नुसतं 'पत्नी' म्हणून नवऱ्याला चिकटवून सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी तिघींना वेगळी चौकट दिली आहे.

एवढं झाल्यावर दुसरा कागद का बदलला? चूक सगळ्यात वर होती. मूळपुरुष म्हणून मी विल्यमला बसवलं होतं. पण वाटली गेलेली ही दौलत त्याच्या बापाकडून आलेली नव्हती. ती आली बायकोकडून. 1189 मध्ये लग्न झालं तेव्हा तो बेचाळिशीत होता आणि इसाबेल डी क्लेअर सतरा-अठरा वर्षांची. इसाबेलचा बाप रिचर्ड डी क्लेअर, ज्याला स्ट्राँगबो म्हणतात, आणि आई ईफा, लेन्स्टरचा राजा डर्मट याची मुलगी. लेन्स्टर ईफाच्या लग्नातून आलं, तिच्याकडून इसाबेलकडे, आणि इसाबेलकडून या पाच मुलींच्या घरांत. विल्यमला हे पक्कं ठाऊक होतं. 1207 मध्ये राजाने त्याला आयर्लंडमधून परत बोलावलं तेव्हा निघण्याआधी त्याने गरोदर इसाबेलला सरदारांपुढे उभं केलं आणि सांगितलं की ही तुमच्या धन्याची मुलगी, माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे आहे.

त्याने स्वतः सांगितलेलं मी आठशे वर्षांनी चुकीचं काढत होते. म्हणून तिसऱ्या कागदावर सगळ्यात वर ईफा आहे.

ढालींचं काम

हे रंगकाम करणाऱ्यांसाठी. मार्शलची ढाल उभी दुभागलेली, एक भाग सोनेरी, एक हिरवा, आणि दोन्हींवर पसरलेला मागच्या पायांवर उभा लाल सिंह. ढालचिन्हांचा सर्वसाधारण नियम आहे की रंगावर रंग ठेवू नये, धातूवर, म्हणजे सोनेरी किंवा चंदेरीवर, रंग ठेवावा. दुभागलेल्या ढालीला त्यातून सूट मिळते. पण सूट मिळाली म्हणून डोळ्यांची अडचण जात नाही. लाल आणि हिरवा एकाच गडदपणाचे असले की चार फुटांवरून सिंहाचा अर्धा भाग नाहीसा होतो. माझ्या पहिल्या तीन ढाली अशाच झाल्या. सॅप ग्रीन सोडला, एमराल्डमध्ये लेमन यलो घालून हिरवा उजळला, सिंहाला व्हर्मिलियन दिला आणि 00 नंबरच्या ब्रशने काळसर तपकिरी कड ओढली. आता सिंह पूर्ण दिसतो. सोनेरीसाठी साधा पिवळा वापरला. धातूचा रंग कागदावर एका बाजूने चमकतो आणि फोटोत काळा येतो. पोस्टर कलर जाड लावला तर दुमडताना भेगा पडतात, म्हणून कागद गुंडाळी करूनच ठेवते.

पाच भावांसाठी मॅथ्यू पॅरिसचीच पद्धत घेतली आहे. आपल्या हस्तलिखिताच्या समासात मृत्यूच्या नोंदीपाशी तो त्या माणसाची ढाल उलटी काढतो. गिल्बर्टच्या अपघाताचं चित्रही त्याने काढलं आहे. तर डावीकडे ओळीने पाच उलट्या ढाली, पाच सिंह डोकं खाली असलेले. आणि उजवीकडे मॉडच्या शाखेत तोच सिंह सरळ उभा. कारण 1246 मध्ये मार्शलपद मॉडकडे आलं, तिने ते थोरल्या मुलाला, रॉजर बिगॉडला दिलं, आणि बिगॉडांनी आपली जुनी सोनेरीवर लाल क्रूसाची ढाल सोडून आजोळची घेतली. हे मला आधीपासून माहीत होतं, पण दोन्ही ढाली कागदाच्या दोन टोकांना रंगवल्यावर दिसलं तसं ते वाचताना कधी दिसलं नव्हतं. 1248 मध्ये मॉड गेली, तिला टिंटर्नच्या मठात आईजवळ पुरलं, आणि तिच्या चारही मुलांनी खांदा दिला, तीन बिगॉड आणि एक वॉरेन.

आता जोन

जोनची चौकट मी मुद्दाम शेवटी ठेवली. बापाच्या शेवटच्या आजारात ही सगळ्यात धाकटी, एकटीच लग्नाची राहिलेली. काव्यचरित्र सांगतं की हिचं मार्गी लागलं असतं तर जीव हलका झाला असता, असं तो म्हणाला, आणि तिच्यासाठी वर्षाला तीस पौंडांची जमीन आणि 200 मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) ठेवले. त्याच दिवसांत एकदा त्याला गावंसं वाटलं. मुलींना बोलावलं. मॉड आधी गायली, मन नसताना, पण गोड आवाजात. मग जोन, ती लाजून नीट गाईना. तेव्हा त्या म्हाताऱ्याने अंथरुणातून तिला ओळ कशी म्हणायची ते दाखवलं.

ज्या मुलीची त्याला काळजी होती तिच्याच मुलीकडे पुढे पेम्ब्रुक गेलं. तिचं नावही जोन, नवरा विल्यम डी व्हालेन्स, राजाचा सावत्र भाऊ. त्यांच्या ढालीवर पांढरे-निळे आडवे पट्टे आणि कडेने फिरणारे लाल पक्षी, पाय नसलेले. पट्टे आखून झाले आहेत. पक्ष्यांचा आकार ट्रेसिंग पेपरवर बसवला आहे, पण खालच्या टोकाला वळताना दोन पक्षी एकमेकांना भिडतात, म्हणून ढाल पाव इंचाने रुंद करणार आहे. ते या रविवारी. त्यानंतर सिबिलच्या सात मुली, आणि त्यांना पुरेल इतकी जागा या वेळी मोजून सोडली आहे.