तुम्ही विचारलंत म्हणून: आरसा आहे, मग वारा कशाला मोजता?

"दुर्बिणीचा आरसाच सेकंदाला हजार वेळा आकार बदलून प्रतिमा सुधारतो ना? मग वाऱ्याच्या मागे कशाला लागता?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

हवेतल्या कमीजास्त तापमानाच्या पुंजक्यांतून येताना ताऱ्याचा प्रकाश विसकटतो. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये, म्हणजे हा विसकट जागीच दुरुस्त करण्याच्या तंत्रात, सेन्सर तो मोजतो, संगणक हिशेब करतो आणि लवचिक आरसा वाकतो. यात दोनेक मिलिसेकंद जातात. तेवढ्यात वाऱ्याने पुंजके पुढे नेलेले असतात. वरातीमागून घोडं! सेकंदाला 10 मीटर वारा असला, तर चांगल्यापैकी रात्री दृश्य प्रकाशात जेमतेम 3 मिलिसेकंदांची सवलत मिळते. वारा तिप्पट झाला की एकच.

पण कुठला वारा? घुमटाबाहेरच्या खांबावरचं यंत्र फक्त जमिनीलगतचा सांगतं. 10-12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, सेकंदाला 40 मीटरनेही वाहत असतो, मधल्या थरांच्या दिशा आणखी निराळ्या. शिवाय नुसता वेग कळून भागत नाही. थरात खळबळच नसेल तर तो कितीही जोरात वाहू दे, आमचं काही बिघडत नाही. फुगा सोडला तर वारा कळतो, पण फुगा वाहवत भलतीकडे जातो आणि रात्रभराचं चित्र काही मिळत नाही.

म्हणून मला स्किडार आवडतं: हवेच्या थरांतली खळबळ आणि वारा दुर्बिणीतूनच मोजायचं तंत्र. फ्रान्सचे शास्त्रज्ञ व्हर्नँ आणि रॉदिए यांच्या 1973च्या कामात त्याचं मूळ आहे. दुर्बीण जोडताऱ्याकडे वळवायची, पण टिपायची ती ताऱ्यांची प्रतिमा नव्हे; आरशावर पडलेली लुकलुकीची नक्षी. प्रत्येक थराची नक्षी दोन ताऱ्यांमुळे दोनदा पडते. त्या दोन नक्ष्यांमधलं अंतर भागिले ताऱ्यांमधला कोन, की थराची उंची मिळाली. काही मिलिसेकंदांनी पुन्हा टिपायचं: नक्षी जेवढी सरकली, त्यावरून वेग आणि दिशा. एवढ्या साध्या भूमितीवर दहा किलोमीटरवरचा वारा हाती लागतो, याचं मला अजून अप्रूप आहे. हे आकडे मिळाले की पुंजके पुढच्या क्षणी कुठे असतील याचा अंदाज बांधून आरशाला आधीच तसं वाकवता येतं.

आणि वारा पडला तर सगळं छान? तेही नाही. चिलीतल्या पारानाल वेधशाळेत स्फिअर या, इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह टिपणाऱ्या उपकरणाला नेमका मंद वारा नडला. दुय्यम आरसा धरणारे धातूचे दांडे रात्री हवेपेक्षा थंड होतात, वारा नसला की त्यांच्या कडेची हवाही थंडावून साचते, आणि त्यामुळे होणारा बिघाड सेन्सरला नीट दिसतच नाही. शेवटी 2017 साली दांड्यांवर उष्णता कमी उत्सर्जित करणारं आवरण चढवावं लागलं.