एसयू-८ चा जाड थर: तीन वेफर कुठे वाया गेले

कालवांची पिल्लं मोजण्यासाठी सिलिकॉन रबरची वाहिनी ओतायची होती. पिल्लं ३०० मायक्रॉनपर्यंत वाढतात, म्हणून साचा ४०० मायक्रॉन उंच हवा. तो वेफरवर, म्हणजे पातळ गोल चकतीवर, एसयू-८ चा बनवायचा; हा रेझिस्ट, म्हणजे प्रकाश दिला तिथे पक्की होणारी राळ. मास्क (ज्यातून प्रकाश द्यायचा ती नक्षी) छापून आला, वेफर धुऊन झाले. दोन दिवसांचं काम. मग रत्नागिरीच्या ऐन पावसात तीन आठवडे मी एका हॉटप्लेटपाशी अडकले. त्याचा राग अजून आहे.

जाड थराचा एसयू-८ फणसाच्या चिकासारखा चिकट. तो फिरवून पसरवायच्या भानगडीत पडू नका, वजनावर ओता. ३ इंची वेफरला ४०० मायक्रॉनसाठी आम्हाला ३ ग्रॅम लागला. बुडबुडे वर येईपर्यंत रात्रभर झाकून ठेवा.

पहिला वेफर मी थेट ९५ अंशांवर ठेवला. वर साय धरली, खाली द्रावक (रेझिस्ट पातळ ठेवणारं रसायन, ते उडून जायला हवं) कोंडला. मास्क उचलताना थरच मास्कला चिकटून आला. दुसऱ्या वेळी ६५ वरून हळूहळू ९५ वर नेला, तर सकाळी एक कड जाड, समोरची जवळपास कोरी. गरम झाल्यावर हा रेझिस्ट पाण्यासारखा वाहतो, उतार मिळेल तिकडे जातो. मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे घालत बसले, चार दिवस. शेवटी बाहेर जांभ्याचं कुंपण बांधणाऱ्या गवंडीकाकांकडे पाणसळ मागितली. ते स्वतःच आत आले. "बाय, टेबल कशाला बघतेस, तवा बघ." पाणसळ प्लेटवरच ठेवली, आडवी आणि उभी. टेबल सरळ होतं, प्लेट वाकडी होती! पायाचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला, बुडबुडा मधोमध आला.

सुकला का हे घड्याळावर ठरवू नका. वेफर थंड करून परत प्लेटवर ठेवा. सुरकुत्या आल्या तर द्रावक अजून आत आहे. आम्हाला ९५ वर साडेपाच तास लागले.

हे आधी सांगायला हवं होतं: ओतण्यापूर्वी वेफर २०० अंशांवर भाजून घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. ओलावा राहिला की थर सुटतो.

तिसरा वेफर प्रकाश दिल्यानंतरच्या बेकमधून काढून थंड स्टीलवर ठेवला आणि तडकला. प्लेट बंद करून वेफर तिच्यावरच निवू द्या. चौथा तसाच निवला. डेव्हलप करून (प्रकाश न लागलेला रेझिस्ट विरघळवून) आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिंपडलं तर पांढरे डाग उठले, म्हणजे काम अर्धवट. परत डेव्हलपरमध्ये दहा मिनिटं. मग मोजला: मध्ये ४०६, कडेला ३९३.