आमची वाटचाल: शिसवी लाकडाला रंग नाही

जुनं कपाट घासायचं, रंगवायचं आणि मग तोच रंग कडांवरून पुन्हा घासून काढायचा. याचे पैसे सांगितल्यावर सोलापूरकर काय काय म्हणतो, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. ‘मग नवंच घ्यावं की ओ!’ हे त्यातलं सभ्य.

आमचा धंदा मुळात दुरुस्तीचा. मामंजी सुतार. खाटा, दारं, देव्हारे ही त्यांची रोजची कामं. 1877 साली ‘जुनी गिरणी’ ही सोलापुरातली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. गिरणीतल्या कारकुनांच्या, जॉबरांच्या म्हणजे मुकादमांच्या घरी सागवानी कपाट आणि आरशाचं टेबल असायचं, ते मामंजींच्या ओळखीचं. गिरण्या बंद पडल्या, मुलं पुण्याला गेली, घरं विकली. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये न मावणारं सामान सरपणाच्या भावात जाऊ लागलं. ते बघवेना, म्हणून आम्ही उचलायला लागलो. पॉलिश करून ठेवलं तरी गिऱ्हाईक ‘घरात अंधार होतो’ म्हणून परत जायचं.

शॅबी शिक हा प्रकार मला पुण्यातल्या नणंदेनं दाखवला. रेचेल ॲशवेल या इंग्रज बाईंनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला या नावाचं दुकान काढलं. जुन्या बाजारातलं फर्निचर, पांढरट रंग, झिजलेल्या कडा. मामंजी फोटो बघून एवढंच म्हणाले, “काम अर्धवट सोडलंय.”

पण झीज कुठे दाखवायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. शिकाऊ पोरगं सगळीकडे सारखा पॉलिश पेपर मारतं आणि वस्तू रोग झाल्यासारखी दिसते. खरं फर्निचर खणाच्या मुठीभोवती झिजतं, आरामखुर्चीच्या हातांच्या टोकाला झिजतं, खालच्या दांडीवर पाय टेकतात तिथे झिजतं. तेवढ्याच जागी आम्ही खालच्या गडद रंगाच्या थरावर मेणबत्ती घासतो आणि वरून फिका रंग देतो. वाळल्यावर बारीक पेपर फिरवला की मेणावरचा रंग आपोआप सुटतो.

सागाची एक खोड आहे. पांढरा रंग दिला की चार दिवसांनी आतून चहा सांडल्यासारखे पिवळे डाग वर येतात. त्यावर आणखी रंग चढवून उपयोग नाही. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, दोन हात द्यायचे, मग रंग. चपडा आमच्याकडे पॉलिशसाठी होताच.

चॉक पेंट म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा फर्निचरचा रंग; तो 1990 मध्ये ब्रिटनमधल्या ॲनी स्लोन यांनी आणला. बाहेरून येणारा डबा आम्हाला परवडत नाही. मॅट इमल्शन तीन भाग, पाण्यात कालवलेली व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) एक भाग, असं आम्ही इथेच करतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी ब्रश लावायचा नाही; रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे पडतात. रंगकाम सकाळी, दुपारी सांधे. वरून मेण लावायचं असं परदेशी व्हिडिओ सांगतात. इथल्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं आणि धूळ चिकटते, म्हणून जेवणाच्या टेबलांना आम्ही पाण्यातलं मॅट लॅकरच देतो.

शिसवी लाकडाला मात्र रंग लावत नाही. एक ताई शिसवी पलंग घेऊन आल्या, हट्टानं पांढरा हवा होता. मामंजी म्हणाले, “ताई, पॉलिश करून देतो, आवडलं नाही तर पैसे देऊ नका.” त्या पलंग परत घेऊन गेल्या. त्या महिन्यात तेवढंच मोठं काम होतं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? आता तो नियम माझाही आहे. रंग हा साध्या सागासाठी, ठिगळं लावलेल्या लाकडासाठी, सनमायका निघालेल्या टेबलासाठी.

आज आमचा निम्मा माल पुण्याला जातो. इथून गेलेल्या कुटुंबांकडेच बराचसा. इथली गिऱ्हाइकंही वाढली आहेत, बहुतेक नव्या सुना. सासूबाई सोबत येतात आणि कपाटाच्या कडेवर बोट ठेवून विचारतात, “इथं राहिलंय का ओ?”

दिवाळीचं काम हवं असेल तर वस्तू पावसाळा संपायच्या आत द्या. सांधे उघडून पुन्हा बसवायलाच जास्त वेळ लागतो. आणि वाळवी लागली असेल तर आणण्याआधी सांगा. ती वस्तू आम्ही बाहेरच्या शेडमध्ये उतरवून घेतो, बाकीच्या सामानाजवळ ठेवत नाही.