आमची वाटचाल : बादलीपासून दोरीपर्यंत

पहिला लंगोट आम्ही धंद्यासाठी शिवला नव्हता. माझं आणि धाकट्या जावेचं, अशी घरात दोन तान्ही बाळं होती आणि रात्री कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना हाताला चांगलंच वजन लागायचं. एका बाळाचे दिवसाला सात-आठ डायपर. मूल मोठं होईल तसे ते कमी होतात, तरी अडीच वर्षांत एकूण चार हजारांच्या पुढे जातात. कापडी चोवीस नग आलटून पालटून वापरले की तेवढ्यात भागतं. बस्स, या हिशेबावर आम्ही दुसरं शिलाई मशीन घेतलं.

त्या दिवसांत मी एक डायपर कात्रीने उभा कापून पाहिला होता. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे बारीक कण. हे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ओल शोषून जेलीसारखं फुगणारं. अंगाकडे पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, बाहेरून प्लास्टिकचा पापुद्रा. सगळं एकमेकांना घट्ट चिकटवलेलं, वर शी लागलेली. वेगळं कोण करत बसणार? कचरा डेपोत दडपल्यावर लगदा हवेविना कुजून मिथेन सोडतो आणि प्लास्टिक मागे उरतं.

तेव्हा आमच्या पहिल्या पत्रकावर ‘कापडी लंगोट वापरा, पृथ्वी वाचवा’ असं ठळक छापलं. आता ते पत्रक समोर आलं की मी पालथं घालते.

एका ग्राहक बाईंनी विचारलं, “मॅडम, धुण्याचं पाणी आणि वीज कुठल्या खात्यात धरलीत?” उत्तर नव्हतं. शोधता शोधता ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ सालचा अभ्यास हाती लागला. एका मुलामागे अडीच वर्षांत हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड (तापमान वाढवणारे इतर वायूही त्याच्याच मापात धरून) : फेकायच्या डायपरचा सुमारे ५५० किलो, कापडीचा सुमारे ५७०. आपलाच जास्त! जावेला दाखवलं तर म्हणाली, “ताई, मग आपण विकतोय तरी काय?”

पुढची पानं वाचली तेव्हा जीव भांड्यात पडला. मशीन भरून धुतलं, उघड्यावर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. उलट दर वेळी ड्रायरमध्ये वाळवलं तर ४३ टक्क्यांनी चढतो. ब्रिटनमध्येच २०२३ साली आलेल्या नव्या अभ्यासात कापडी सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले. म्हणजे आम्ही विकतो तो अर्धाच माल. उरलेला अर्धा ग्राहकाच्या बादलीत आणि दोरीवर तयार होतो.

मग आम्ही पत्रक बदललं. आता प्रत्येक पाकिटात धुण्याची चिठ्ठी असते : शी आधी संडासात झटकायची, अर्धवट भरलेलं मशीन लावायचं नाही, कपडे मऊ करणारं द्रावण टाकायचं नाही (शोषणं मंदावतं), वाळवायचं दोरीवरच. नव्या सुती घड्या चार-पाचदा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत, हेही लिहितो. नाहीतर पहिल्याच दिवशी गळतीची तक्रार ठरलेली.

‘बांबूचं कापड’ मात्र आम्ही बंद केलं. त्यातलं बहुतेक व्हिस्कोज, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा, असतं आणि ते बनवताना कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन लागतं. नैसर्गिक म्हणून विकायला जीभ रेटेना. सुती कापडही काही धुतल्या तांदळासारखं नाही. जागतिक सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडतं. एवढं पाणी प्यायलेलं कापड एका मुलानंतर कपाटात पडून राहिलं, तर सगळाच हिशेब फसला.

म्हणून दुरुस्ती सुरू केली. लंगोटात आधी जातं ते इलॅस्टिक, कापड नव्हे. मांडीचं इलॅस्टिक आम्ही मुद्दाम वेगळ्या पट्टीत घालतो, म्हणजे एक टोक उसवून नवं ओवता येतं. या कामापायी नवी विक्री थोडी बसली, हे खरं. गेल्या आठवड्यात आलेलं पार्सल तिसऱ्या बाळासाठीचं होतं. रंग उडालेले अठरा नग, एकही फाटलेला नाही. जावेचं म्हणणं, आता दुरुस्तीचे पैसे घ्यायला हवेत. मी अजून तयार नाही. वाद चालू आहे, आणि मशीनही.