पॉइंट पस्तीस

निकालाचा तक्ता आला की आधी मुलांची नावं बघते, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर नजर थेट वर्गाच्या सरासरीवर जाते. ती बरी निघाली की जीव भांड्यात पडतो.

यंदा बरी निघाली. मग पालक आले. "बाई, 62 पर्सेंटाइल म्हणजे 62 टक्के मार्क ना?" नाही हो. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर साधारण बासष्ट तुमच्या लेकीच्या मागे आहेत, इतकंच. उद्या अख्खी रांग दोन पावलं पुढे सरकली, तर पोरगी पुढे गेलेली असेल आणि आकडा मात्र जागच्या जागी. यावर पालक असे बघतात, जणू बाई काहीतरी लपवतायत.

त्यात ठोकाठोकी वेगळीच. चार पर्यायांचे 40 प्रश्न न वाचता गोळे रंगवले, तरी सरासरीनं दहा बरोबर येतात. नशीब जोरावर असेल तर तेरासुद्धा. आणि आपण दोन गुणांवरून पोरांना हुशार आणि ढ ठरवून मोकळे!

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये आपली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे शोधायला. पुढे 1938 मध्ये आयबीएमचं उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र आलं. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, त्यावरून ते गुण मोजायचं. खूण करण्याआधी पोराचा हात कुठे घुटमळला, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून मी हल्ली चुकलेली उत्तरंच काढून बसते. यंदा सतरावा प्रश्न होता: सर्वांत मोठी संख्या कोणती? 0.5, 0.35, 0.4, 0.08. अर्ध्याहून अधिक वर्गानं 0.35 रंगवलं होतं. एकीनं तर आधी 0.5 चा गोळा भरला होता, मग कागद विरेपर्यंत खोडून 0.35 केलं होतं. इतकी पोरं एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा खड्डा कुणीतरी खणलेला असतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "पॉइंट पाच, पॉइंट पस्तीस..." आणि थांबले. पस्तीस! म्हणजे वर्षभर मी हेच ऐकवत होते. पाचापेक्षा पस्तीस मोठे, यात पोरांचं काय चुकलं? "पॉइंट तीन पाच," मी पुन्हा वाचलं. खोडणारीनं मान वर केली.

मग उत्तर बरोबर आलेल्या एकाला कौतुकानं उभं केलं. "तुला कसं रे जमलं? सांग सगळ्यांना."

तो जरा घुटमळला. "बाई, वेळ संपत आली होती. मी शेवटचे सगळे अ केले."